थीसिससाठी दाढांचे सीबीसीटी वाचताना

इंदूरला एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) पहिल्या वर्षाची सिनॉप्सिसची, म्हणजे थीसिसच्या आराखड्याची, धावपळ सुरू झाली की कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, सीबीसीटीचा विषय घेऊ का? पेशंटच्या मागे लागायची कटकट नाही." सीबीसीटी म्हणजे दात-जबड्याचा थ्रीडी एक्स-रे स्कॅन, आणि विषय म्हणजे त्यात दाढांच्या मुळांतले कॅनॉल, म्हणजे आतल्या बारीक नळ्या, शोधून नोंदवणं. कटकट नाही, हे खरं. पण अंधाऱ्या खोलीत एकच दाढ तासन् तास वरखाली सरकवायचा ज्याला कंटाळा आहे, त्याने यात पडू नये. रामबागेतल्या आमच्या काकूंना अजून वाटतं की मी दोन वर्षं नुसते फोटो बघितले!

अभ्यासासाठी म्हणून कुणाला रेडिएशन द्यायचं नसतं. इम्प्लांट किंवा अडकलेली अक्कलदाढ अशा कारणांनी आधीच काढलेले स्कॅन घ्यायचे, तेही एथिक्स कमिटीची परवानगी आल्यावर आणि नावं काढून. निवडताना दयामाया नको. रूट कॅनॉल झालेली किंवा मेटलची कॅप बसवलेली दाढ सरळ बाजूला ठेवा. गटापर्चा (रूट कॅनॉलमध्ये भरायचा रबरासारखा पदार्थ) आणि धातूमुळे उमटणारे पट्टे नसलेला कॅनॉल दाखवतात, असलेला झाकतात. व्हॉक्सेलही, म्हणजे स्कॅनच्या सगळ्यात छोट्या ठोकळ्याचा आकार, तपासा. 0.4 मिमीच्या स्कॅनमध्ये एमबी2, म्हणजे वरच्या दाढेच्या मेझिओबकल (पुढच्या, गालाकडच्या) मुळातला दुसरा बारीक कॅनॉल, शोधणं म्हणजे डोळे फोडून घेणं.

खरी मजा अ‍ॅक्सिअल, म्हणजे आडव्या, स्लाइसमध्ये आहे. आधी मुळाचा अक्ष उभा लावून घ्या, नाहीतर तिरपा छेद गोल कॅनॉललाही लांबट दाखवतो. मग पल्प चेंबरच्या (दाताच्या आतल्या पोकळीच्या) तळापासून मुळाच्या टोकापर्यंत एकेक स्लाइस. समजा, 16 नंबरची, म्हणजे वरची उजवी पहिली, दाढ आहे. मेझिओबकल मुळात चेंबरच्या तळाशी एकच लांबट फट दिसते. थोडं पुढे गेलं की तिचे दोन ठिपके होतात आणि टोकाजवळ पुन्हा एक. कॅनॉलच्या रचनांच्या व्हर्टुचीच्या 1984 च्या वर्गीकरणात हा टाइप 3. फक्त मधली स्लाइस बघणारा यालाच टाइप 4 (सुरुवातीपासून टोकापर्यंत दोन वेगळे कॅनॉल) म्हणून मोकळा होईल. खालच्या दुसऱ्या दाढेतला सी-शेप, म्हणजे इंग्रजी C सारखा कॅनॉल, तर वाटेत दोन-तीनदा रूप बदलतो, म्हणून तिथे वरचा, मधला आणि टोकाचा भाग वेगवेगळा नोंदवा.

दुसऱ्या वाचकाशिवाय आकड्यांना किंमत नाही. दोघांनी एकमेकांचं न बघता वाचायचं, काही स्कॅन दोन आठवड्यांनी पुन्हा, आणि मग कप्पा, म्हणजे वाचनं किती जुळतात याचा आकडा, काढायचा. तो कमी आला तर गाईडसमोर बसून वादाच्या दाढा एकेक करून उघडा. माझं निम्मं शिक्षण तिथेच झालं. एकाच पेशंटच्या डाव्या-उजव्या दाढा दोन स्वतंत्र नमुने म्हणून मोजू नका. स्टॅटिस्टिक्सवाल्याला हे सुरुवातीलाच विचारा, शेवटी विचारलं की सगळी एक्सेल शीट नव्याने भरावी लागते.

शीर्षकात 'माळव्याची लोकसंख्या' वगैरे लिहायचा मोह होतो. स्कॅन सेंटरला देवास, धार, खरगोन, कुठूनही लोक येतात, आणि येतात ते तक्रार घेऊन, म्हणजे ते सगळ्या माळव्याचा नमुना नव्हेत. 'इंदूरच्या एका केंद्रातील स्कॅन' एवढंच लिहा. मोठा दावा केला की परीक्षक तिथेच अडवतात.