पंधरा ठोकळ्यांचा खेळ लिहिता लिहिता प्रोग्रॅमिंग

प्रोग्रॅमिंग शिकायचं तर आधी अमरावती-नागपूरला खोली करावी लागते, असं गावात सर्रास ऐकायला मिळतं. सुरुवातीला तरी त्याची गरज नाही. चार बाय चारची चौकट, १ ते १५ आकड्यांचे ठोकळे, एक रिकामं घर. ठोकळे सरकवून आकडे ओळीनं लावायचे. एवढा खेळ स्वतः लिहिला तरी लिस्ट (यादी), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा), अट आणि फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) हाताखालून जातात.

तालुक्याला गेलात की पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा ऑफलाइन इन्स्टॉलर पेनड्राइव्हमध्ये घ्या, तीसएक एमबीचा असतो. लॅपटॉपवर विंडोज ७ असेल तर पायथनची ३.८ आवृत्ती घ्या, ३.९पासून पुढचं त्यावर चालत नाही. सोबत आयडल हा एडिटर येतो, मग नेट लागत नाही. बॅटरी बसलेली आणि लाइनचा भरवसा नाही, अशी जोडी असेल तर दर पाच ओळींनी कंट्रोल-एस दाबून सेव्ह करा. फाइलला रँडम हे नाव देऊ नका. पायथनचं त्याच नावाचं मॉड्यूल (तयार कोडची फाइल) आहे. तुमची फाइल त्याच्या आड येते आणि चूक कुठं आहे ते दिवसभर सापडत नाही.

पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडूच नका. जुन्या लग्नपत्रिकेचे १५ तुकडे कापा, आकडे घाला, अर्धा तास सरकवा. प्रत्येक चाल म्हणजे रिकाम्या घराशी अदलाबदल, हे हाताला कळू द्या.

मग १६ आकड्यांची एकच लिस्ट करा, रिकाम्या घराला ०. छापताना दर चार आकड्यांनी ओळ तोडा. खेळणाऱ्याकडून ठोकळ्याचा आकडा इनपुटनं घ्या. इथं पहिली ठेच लागते: इनपुट मजकूर देतं, आकडा नव्हे. '५' आणि ५ पायथनला वेगळे, म्हणून तुलना केली तर एररही येत नाही आणि ठोकळाही हलत नाही. इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात, बदलून घ्या.

खरी गंमत शेजार तपासताना येते. लिस्टमधल्या जागा ० ते १५. वर-खालचा शेजारी ४ च्या फरकानं, बाजूचा १ च्या. एवढंच लिहिलं तर जागा ३ वरचा ठोकळा जागा ४ वर उडी मारतो. लिस्टमध्ये त्या शेजारी, पण चौकटीत एक पहिल्या ओळीच्या टोकाला तर दुसरी खालच्या ओळीच्या सुरुवातीला. मध्ये धुरा, म्हणजे बांध आहे. म्हणून फरक १ असेल तेव्हा दोन्ही जागांना ४ नं भागून येणारा पूर्णांक सारखा आहे का, तेही बघा.

ठोकळे पिसायला शफल हे लिस्ट उलटसुलट करणारं तयार फंक्शन वापरायचा मोह होतो. तसं केलं तर निम्मे डाव कधीच सुटत नाहीत. चौकटीला बुद्धिबळासारखे काळे-पांढरे रंग आहेत असं समजा. प्रत्येक चालीत रिकामं घर रंग बदलतं, त्यामुळे ते मूळ कोपऱ्यात परत येतं तेव्हा चाली सम असतात, म्हणजे अदलाबदलीही सम. फक्त १४ आणि १५ उलटे असलेला डाव एका अदलाबदलीचा, विषम. तो सुटणार कसा? हे १८७९ मध्येच सिद्ध झालं आहे. तेव्हा सुटलेल्या डावापासून निघा आणि २०० नियमातल्या चाली यादृच्छिक खेळवा. आधीची चाल लगेच उलटवू देऊ नका, नाहीतर ठोकळे जागच्या जागी घुटमळतात.

जिंकल्याची तपासणी एका ओळीची. खेळातली लिस्ट 'डाव', सुटलेली 'उत्तर', दोन्ही सारख्या का ते बघा. पण 'उत्तर = डाव' असं लिहून प्रत केली असं समजू नका. ती एकाच लिस्टची दोन नावं झाली. डाव पिसला की उत्तरही पिसलं जातं आणि पहिल्याच चालीला 'जिंकलात' येतं. 'उत्तर = लिस्ट(डाव)' लिहा.

बटणं, रंग हे सगळं यानंतर. विंडोजवर टिकिंटर हे खिडक्या-बटणं बनवायचं मॉड्यूल पायथनसोबतच येतं. लूपमध्ये लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) लावून १६ बटणं केलीत तर कुठलंही दाबा, शेवटचंच दाबल्यासारखं होईल, कारण लॅम्डा आय ची, म्हणजे लूपच्या मोजणीच्या आकड्याची, किंमत बटण दाबल्यावर बघतो, तोवर ती १५ झालेली असते. 'लॅम्डा आय=आय' असं लिहिलं की प्रत्येक बटण आपापला आकडा धरून ठेवतं.