कार्यक्रम संपला की पुस्तक घरी गेलं पाहिजे

ऑक्टोबर उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, वाचन प्रेरणा दिनाला यंदा काय करायचं?" विचारणारे बहुतेक आसपासच्या गावांतल्या वाचनालयांचे ग्रंथपाल, नाहीतर नव्यानं कार्यवाह झालेली तरुण मंडळी. डॉ. कलामांची जयंती, १५ ऑक्टोबर, आपल्याकडे २०१५ पासून या नावानं साजरी होते. प्रतिमेला हार, पाहुण्यांचं भाषण, मुलांचं सामूहिक वाचन, फोटो, अहवाल. सगळं रीतसर. मी त्यांना एकच विचारते, त्या दिवशी पुस्तकांची देवघेव किती झाली? उत्तर ऐकून हसावं की रडावं कळत नाही, कारण कार्यक्रम आहे म्हणून देवघेव बंद ठेवलेली असते!

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शासनाच्या प्रतवारीत 'ब' वर्गात असलेल्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. खाली जे लिहिलंय ते सगळं एकाच कसोटीवर उतरवून बघा: आलेल्या माणसाच्या पिशवीतून पुस्तक घरी गेलं का? गेलं नसेल तर कार्यक्रम चांगला झाला असेल, वाचनालयाचं काम झालेलं नाही.

त्यामुळे कोणताही कार्यक्रम असो, खुर्च्या अशा मांडा की बाहेर पडायची वाट देवघेवीच्या टेबलावरून जाईल. चहा टेबलाच्या पलीकडे ठेवा. पाहुणे ज्या विषयावर बोलणार त्या विषयाची पंधरा-वीस पुस्तकं आधीच काढून टेबलावर पसरा. सभासद नसलेल्यांसाठी कोरे अर्ज आणि दोन पेनं. पहिल्या पुस्तकाला अनामत मागू नका, नाव-पत्ता-फोन पुरे. कमिटीतले ज्येष्ठ म्हणतील, पुस्तक परत येणार नाही. काही येणार नाहीत हे खरंच आहे. कपाटात वाळवीनं खाल्लेलीही परत येत नाहीत.

आधी दार

बऱ्याच गावांत वाचनालयाची साप्ताहिक सुट्टी बाजाराच्या दिवशी असते. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला ठाऊक नाही. खेड्यापाड्यांतला माणूस आठवड्यातून एकदा एसटीनं तालुक्याला येतो, तो बाजारालाच, आणि नेमकं तेव्हा आपलं कुलूप. सुट्टी दुसऱ्या वारी टाका, बाजारादिवशी दुपारीही उघडं ठेवा. दाराच्या आत एक बाकडं ठेवा, भाजीच्या पिशव्या टेकवायला. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण पिशव्या बाहेर ठेवायच्या म्हटलं की बायका पायरीवरूनच मागं फिरतात.

कपाटांची कुलपं काढा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच 'पुस्तकं वापरासाठी असतात' हा आहे. दर १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, आणि फोटोखालच्या कपाटाची किल्ली कार्यवाहांच्या घरी असते.

बांधणीचंही सांगते. जुनी पुस्तकं बाइंडरकडे गेली की लाल-हिरव्या रेक्झिनमध्ये सारखी होऊन परत येतात. मुखपृष्ठ गेलं, पाठीवरचं नाव वर्षभरात पुसट झालं, की ते पुस्तक कोणी हातात घेत नाही. बाइंडरला देण्याआधी मूळ मुखपृष्ठ सोडवून ठेवा आणि नव्या पुठ्ठ्यावर चिकटवून घ्या. आमच्याकडे अशी पडून राहिलेली कितीतरी पुस्तकं निव्वळ एवढ्यानं पुन्हा फिरायला लागली.

दिवाळी अंक: हाताशी आलेला वाचक

मराठी माणूस वर्षभर वाचो न वाचो, दिवाळी अंक वाचतो. १९०९ साली संपादक का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही सवय आपल्याला लागली, ती अजून सुटलेली नाही. एका चांगल्या अंकाची किंमत आता तीनशे-चारशेच्या घरात, म्हणून लोक वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत येतात. वर्षात वाचक आपण होऊन चालत येतो तो याच दिवसांत.

योजना दसऱ्याला जाहीर करा, फलक एसटी स्टँडवर आणि दूध डेअरीत लावा. वर्गणी साधारण दोन अंकांच्या किमतीइतकी ठेवली तर कोणाला जड वाटत नाही. पन्नास सभासद असतील तर साठ-सत्तर अंक हवेत. कथा-कादंबरीचे, विनोदाचे, आरोग्याचे, पाककृतींचे, मुलांचे असे सगळे घ्या. फक्त 'दर्जेदार' अंक घ्यायचा हट्ट धरू नका. जास्त मागणीच्या अंकांच्या दोन प्रती घ्या, नाहीतर डिसेंबरभर त्याच चार अंकांवरून रुसवेफुगवे होतात.

अंक आले की लगेच वाटायची घाई नको. दाखल नोंद करा, शिक्का मारा. मग दाभणानं कण्याजवळ तीन भोकं पाडून जाड दोरा घाला, कारण नुसत्या पिनांवर किंवा डिंकावर अंक तिसऱ्या घरातच सुटतो. वर जाड प्लॅस्टिकचं कव्हर. वार्षिक राशिभविष्याची पानं हमखास फाडून नेतात, म्हणून भविष्याचा एक अंक दोरीनं वाचन टेबलाला बांधून ठेवा. आमच्याकडे त्या टेबलाशी सकाळी वर्तमानपत्रांपेक्षा जास्त गर्दी असते.

खरी युक्ती पुढं आहे. प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका चाळा. त्यातल्या ज्या लेखकांची पुस्तकं आपल्याकडे आहेत, त्यांच्या कथेच्या किंवा लेखाच्या शेवटच्या पानावर एक चिठ्ठी अडकवा: 'यांची आणखी पुस्तकं आपल्या वाचनालयात आहेत, कपाट क्रमांक ४, मधला खण.' बस्स. गोष्ट आवडलेल्या माणसाला तिथंच पुढची वाट दिसते. चिठ्ठ्या लिहायला कॉलेजच्या दोन मुली बसवल्या तर दोन संध्याकाळींत काम होतं, आणि त्या मुलीही अंक चाळता चाळता वाचायला लागतात. योजना शिमग्याच्या सुमाराला संपते. शेवटचा अंक परत घेताना वर्गणीतली थोडी रक्कम वळती करून नियमित सभासदत्वाचा अर्ज पुढं करा. तेव्हा बोलायचं राहिलं तर तो माणूस थेट पुढच्या दिवाळीलाच दिसतो.

मुलांना गोष्ट वाचून दाखवताना

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी चारचा तास मुलांसाठी ठेवा. वक्ता नको, माइक नको, सतरंजी पुरे. पुस्तक बाजूला धरून चित्रं मुलांकडे करा आणि जसं लिहिलंय तसं वाचा, मध्ये समजावत बसू नका. आणि गोष्ट पूर्ण करू नका! ऐन रंगात आली की पुस्तक मिटायचं.

"बाई, पुढं काय झालं?"

"पुस्तक ने, घरी वाच, नि सोमवारी मला सांग."

एकच प्रत असेल तर भांडणं होतात. होऊ द्या, नंबर लावा. नंबर लागलेल्या पुस्तकाचा भाव आपोआप वाढतो. तात्पर्य मात्र कधीही विचारायचं नाही. ते विचारायला शाळेत माणसं नेमलेली आहेत.

सातवीत असून अडखळत वाचणारी मुलं प्रत्येक गावात असतात. त्यांना 'लहान मुलांचं' कपाट दाखवलंत की ती पुन्हा येत नाहीत. म्हणून बालविभागात वयाच्या पाट्या लावू नका, पातळ पुस्तकं जाड पुस्तकांतच मिसळून ठेवा. पुस्तकं कमी पडतात ही तक्रारही पटण्यासारखी नाही. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं आजही परवडणाऱ्या किमतीत मिळतात. 'बालभारती' १९७१ पासून 'किशोर' मासिक काढते, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, आणि त्या छापून घ्यायला परवानगीची अडचण नाही. रंगीत प्रिंट काढून, मधोमध टाचून दिली की मूल ती स्वतःची म्हणून जपतं. मुलांकडून उशिराचा दंड घेऊ नका. दंडाच्या भीतीनं पुस्तक परत येत नाही आणि त्यासोबत मूलही येत नाही.

बायकांची भिशी, पोरांची अभ्यासिका

भिशी आपल्या बायकांना शिकवावी लागत नाही. पुस्तक भिशीत एवढाच फरक, की महिन्याला शंभर-दोनशे रुपये जमतात आणि जिची चिठ्ठी निघेल ती त्या पैशांतून तिच्या आवडीची पुस्तकं घेते. महिनाभरात ती सगळ्यांत फिरतात, मग तिच्या घरी जातात. आपण बसायला जागा द्यायची, पुस्तकांच्या याद्या पुरवायच्या आणि गप्प बसायचं. 'पुस्तक परीक्षण' हा शब्द काढलात की निम्म्या जणी पुढच्या महिन्यात येत नाहीत. "आवडलेलं एक पान वाचून दाखवा" म्हटलं की सगळ्या येतात. "मला नाही बाई आवडलं, अर्ध्यात सोडलं" असं म्हणायची मोकळीक हवी, कारण मग पुढची आवर्जून ते मागते, एवढं काय वाईट आहे बघू म्हणून. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी वाचनालयाचं तीन महिन्यांचं सभासदत्व वाण म्हणून देता येतं. कार्ड आपण छापून द्यायचं.

अभ्यासिकेचं दुखणं वेगळं. स्पर्धा परीक्षेची मुलं दिवसभर आपल्याच छताखाली बसतात, पण स्वतःची पुस्तकं, स्वतःच्या नोट्स. आपल्या कपाटाकडे मान वळवत नाहीत. त्यांना अवांतर वाचनाचं महत्त्व सांगू नका, घरून पुष्कळ उपदेश ऐकून आलेली असतात. पाण्याच्या फिल्टरशेजारी एक छोटं शेल्फ लावा. त्यात कथासंग्रह, व्यक्तिचित्रं, प्रवासवर्णनं, म्हणजे दहा मिनिटांत एक तुकडा संपेल असंच. नोंद-बिंद काही नको. दोन परीक्षांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत हीच पोरं कादंबरी मागायला येतात.

पेटी

जी माणसं येऊच शकत नाहीत त्यांच्याकडे पुस्तकांनी जायचं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातल्या पेट्या पार दुबईपर्यंत पोचल्या, मग आपल्याला शेजारच्या वाडीपर्यंत पोचवायला काय हरकत? तीसेक पुस्तकं, एक वही, झाकणाच्या आत चिकटवलेली यादी. पेटी ग्रामपंचायतीत ठेवू नका, तिथं ती सुरक्षित राहते आणि बंद राहते. पिठाच्या गिरणीत ठेवा. दळण होईपर्यंत माणसाला बसावंच लागतं. गिरणीवाल्याला पटवायला थोडं गोड बोलावं लागतं, आणि पुस्तकांवर पीठ बसतं ते महिन्यातून एकदा झटकावं लागतं. दोन महिन्यांनी पेट्या आपसात बदलल्या की नवी खरेदी न करताही प्रत्येक वाडीला नवी पुस्तकं.

आमच्या भागात हंगामात बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात. कोप्यांवरच्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांतल्या, मुलांना पत्त्याचा पुरावा कुठला? त्यांच्यासाठी वेगळी पेटी करा, चित्रांची पुस्तकं जास्त घाला, आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की काही पुस्तकं त्यांच्यासोबत गावी जाणार हे आधीच धरून चाला.

पैसे

१९६७च्या ग्रंथालय कायद्यानं शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान मिळतं, ते हप्त्यांनी येतं आणि त्याची वाट बघण्यात आपलं आयुष्य जातं. वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना त्याची गरज नाही. पुस्तकांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या समान निधी (राज्याचाही वाटा असलेल्या) आणि असमान निधी (फक्त प्रतिष्ठानच्या पैशांतल्या) योजना आहेत. त्यांचे अर्ज कसे, कधी करायचे ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा, आणि तारीख उलटायच्या आत विचारा.

पैसे कुठूनही येवोत, खरेदीची यादी कमिटीच्या बैठकीत बनवू नका. देवघेवीच्या टेबलाला मागणीची वही टांगा: तारीख, पुस्तकाचं किंवा विषयाचं नाव, मागणाऱ्याचा फोन. निम्मी खरेदी त्या वहीतून. शेळीपालनाचं पुस्तक कोणी मागितलं तर तेही घ्या, नाक मुरडू नका. आणि पुस्तक आलं की ज्यानं मागितलं त्याला पहिला फोन करा. ग्रुपवर टाकून भागत नाही.