एअर हँडलरमधून कोमट हवा येते? पेटी बदलण्याआधी या चुका टाळा

टोरोंटोच्या आसपास, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टनकडे टाउनहाउस घेणाऱ्या काही मराठी कुटुंबांना पहिल्या हिवाळ्यात कळतं, की आपल्या घरात फर्नेस, म्हणजे गॅस जाळून हवा तापवणारी भट्टी, नाहीच. भिंतीवर टँकलेस (टाकीशिवाय पाणी तापवणारा) हीटर किंवा कोपऱ्यात गरम पाण्याची टाकी असते आणि शेजारी पत्र्याची एक पेटी. आंघोळीसाठी जे पाणी तापतं तेच पंपाने त्या पेटीतल्या कॉइलमधून फिरतं, पंखा कॉइलवरून हवा ढकलतो आणि ती डक्टमधून खोल्यांत पोहोचते. ही पेटी म्हणजे एअर हँडलर, आणि सगळ्या जोडणीला इकडे ‘कॉम्बो’ म्हणतात. पेटीत आग नाही, गॅस नाही, धूर नाही. तांब्याच्या नळ्यांची कॉइल, पंखा, छोटा पंप आणि एक सर्किट बोर्ड, एवढाच तिचा संसार.

म्हणूनच ती सहसा बिघडत नाही. बिघडतं ते तिच्यापर्यंत येणारं पाणी. ते कमी येतं, पुरेसं गरम येत नाही किंवा सोबत हवा घेऊन येतं. तरीही तक्रार केली की आधी बोर्ड बदला, मग पंखा बदला, शेवटी अख्खी पेटीच बदला असे सल्ले मिळतात आणि हजारो डॉलरचं कोटेशन हातात पडतं. थंडीत कुडकुडणारी माणसं त्यावर सही करून मोकळी होतात, आणि नव्या पेटीतूनही तशीच कोमट हवा येते. हे टाळता येतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितो आहे.

फर्नेसच्या हवेशी तुलना करणं

गॅस फर्नेसची हवा खोलीत सोडणाऱ्या जाळीवर हात धरला की चांगलीच ऊब लागते. एअर हँडलरची हवा मुळातच त्याहून सौम्य असते, आणि ती किती असावी हे साध्या गणिताने काढता येतं. समजा कॉइलमध्ये 60 अंश सेल्सिअसचं पाणी मिनिटाला 4 गॅलन, म्हणजे सुमारे 15 लिटर जातंय आणि बाहेर पडताना ते 49 अंशांवर आलंय. म्हणजे त्याने तासाला साधारण 40,000 बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता हवेला दिली. पंखा मिनिटाला 800 घनफूट हवा फिरवत असेल, तर 20 अंशांची खोलीतली हवा 45 अंशांच्या आसपास गरम होऊन बाहेर पडेल. त्यातून लांबच्या डक्टमध्ये थोडी ऊब जाते. आपल्या अंगाचं तापमान 37, त्यामुळे जाळीतून 40 अंशांची हवा आली तरी हाताला ती ‘जेमतेम गरम’ वाटते.

तेव्हा हातावर विश्वास ठेवू नका. थर्मोस्टॅटवर मागितलेलं तापमान घर गाठतंय का आणि टिकवतंय का, ते बघा. उणे 15 मध्येही घर 21 वर राहत असेल तर यंत्रणा ठीक आहे, जाळीवर हात धरून काहीही वाटो.

पाइपांना हात न लावता निदान करणं

घर खरंच गरम होत नसेल, तर पहिली तपासणी फुकट आहे. थर्मोस्टॅट चार-पाच अंशांनी वाढवा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. एअर हँडलरला दोन पाइप जोडलेले दिसतील, एकातून गरम पाणी आत येतं, दुसऱ्यातून परत जातं. त्यांवर फोमचं आवरण असेल तर ते जरा सरकवा. 60 अंशांचा तांब्याचा पाइप चटका देतो, म्हणून बोट टेकवून लगेच काढा. पाइपला चिमट्यासारखा लागणारा थर्मामीटर मिळाला तर फारच उत्तम.

येणारा पाइप गरम आणि परतीचा कोमट, हाताला फरक स्पष्ट जाणवतो पण परतीचा थंडगार नाही, तर पाण्याची बाजू बहुतेक बरोबर आहे. येणारा कडक गरम आणि परतीचा जवळजवळ थंड असेल, तर पाणी फारच हळू फिरतंय. त्याची कारणं अर्धवट बंद राहिलेला व्हॉल्व्ह, पाण्याच्या पाइपातली गाळाने भरलेली गाळणी, थकलेला पंप किंवा पाइपात अडकलेली हवा. दोन्ही पाइप सारखेच कडक गरम असतील तर उष्णता कॉइलमधून हवेत उतरत नाहीये, म्हणजे दोष पंख्याकडे किंवा फिल्टरकडे. दोन्ही थंड, पण स्वयंपाकघरातल्या नळाला कढत पाणी येतंय, तर पंप फिरत नाही किंवा हवेने वाट पूर्ण अडवली आहे. आणि दोन्ही पाइप कोमट असतील, तर एअर हँडलर सोडून हीटरकडे जा.

तंत्रज्ञाला फोन करताना यातलं काय दिसलं तेवढं सांगितलं, तरी बोलण्याचा सूरच बदलतो. ‘हीटिंग चालत नाही’ याला कुणीही काहीही उत्तर देऊ शकतं. ‘येणारा पाइप गरम आहे, परतीचा थंड आहे’ याला मोजकीच उत्तरं आहेत.

पाइपातली हवा तशीच ठेवणं

नळदुरुस्तीसाठी घराचं पाणी बंद केलं, हीटर बदलला, नवा नळ बसवला, आणि नंतर हीटिंग बंद पडलं, तर संशय सरळ हवेवर घ्या. पाइपात शिरलेली हवा सर्वांत उंच जागी साठते, आणि एअर हँडलर वरच्या मजल्यावर किंवा हीटरपेक्षा उंचावर असेल तर ती जागा बहुधा कॉइलच असते. छोटा पंप पाणी फिरवू शकतो, हवेचा बुडबुडा ढकलून बाहेर काढण्याइतका जोर त्याच्यात नसतो. खळखळ किंवा गुळगुळ आवाज ही तिची खूण.

उपाय सोपा आहे, पण क्रम पाळा. आधी एअर हँडलरची वीज बंद करा. या पंपांच्या आतल्या भागांना पाणीच वंगण देतं, त्यामुळे कोरडा पंप फिरत राहिला तर तो कायमचा जातो. मग परतीच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह बंद करा, त्याच्या अलीकडे कॉइलच्या बाजूला जो छोटा निचऱ्याचा नळ असतो त्याला बागेतला पाइप जोडून तो बादलीत सोडा आणि नळ उघडा. आता शहराच्या दाबाचं पाणी कॉइलमधून जोरात धावतं. आधी फसफसत, तुटक तुटक येतं, मग धार सलग होते. सलग झाल्यावरही मिनिटभर वाहू द्या. पाणी गरम असेल, तेव्हा मुलांना लांब ठेवा. निचऱ्याचा नळ बंद, परतीचा व्हॉल्व्ह उघडा, मग वीज सुरू. असे व्हॉल्व्ह तुमच्या जोडणीत बसवलेलेच नसतील तर ती बसवणाऱ्याची चूक आहे. पुढच्या वेळी प्लंबर येईल तेव्हा बसवून घ्या, खर्च फार नाही.

उन्हाळ्यात स्विच बंद करून ठेवणं

वीज वाचवायची म्हणून मे महिन्यात एअर हँडलरचा स्विच बंद करणारी घरं मला नेहमी भेटतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. बऱ्याच एअर हँडलरमध्ये किंवा त्यांच्या टायमरमध्ये अशी सोय असते, की हीटिंग नको असतानाही पंप अधूनमधून थोडा वेळ फिरतो. कॉइलमधलं पाणी हे तुमच्या आंघोळीचंच आणि नळाचंच पाणी आहे. ते महिनोन्‌महिने कोमट आणि स्थिर राहिलं तर त्यात लेजिओनेलासारखे जिवाणू वाढू शकतात. साधारण 20 ते 45 अंश हे त्यांचं आवडतं तापमान. ऑक्टोबरमध्ये पंप सुरू झाला की तेच पाणी घरभर जातं. दुसरं असं, की सहा महिने न हललेला पंप जागीच अडकतो आणि पहिल्या थंडीत नुसता गुणगुणत बसतो. स्विच चालूच ठेवा. पंप असा आपोआप फिरतो की नाही हे माहितीपुस्तिकेत बघा, आणि फिरत नसेल तर टायमर लावून घ्या.

हीटरचं तापमान मनाला येईल तसं फिरवणं

गॅसचं बिल कमी व्हावं म्हणून टाकी 60 वरून 49 वर आणली, की हीटिंगची ताकद किती घटते? कॉइलची उष्णता पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालते. खोली 20 अंश धरली तर आधी फरक 40 होता, आता 29. एक चतुर्थांशाहून जास्त ताकद गेली. नोव्हेंबरात ते जाणवणार नाही, जानेवारीत मात्र घर मागे पडत जाईल.

उलट बाजूची चूक जास्त गंभीर आहे. हवा अजून गरम यावी म्हणून कुणीतरी हीटर 65-70 वर नेतो. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, आणि लहान मुलांची, आजी-आजोबांची त्वचा त्याहून लवकर भाजते. अशा जोडणीत नळांकडे जाणाऱ्या पाइपवर मिक्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे गरम पाण्यात थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह, असायलाच हवा. कॉइलला 60 अंशांचं पाणी जातं आणि नळांना 49 किंवा त्याहून कमी. इथल्या ऑन्टारियो प्रांताच्या बांधकाम नियमांतही घरच्या नळांसाठी 49 ही कमाल मर्यादा आहे. तुमच्याकडे तो व्हॉल्व्ह आहे का, हे आजच बघा. नसेल तर बाकीचं सगळं नंतर, आधी तो.

भाड्याचा हीटर बदलताना गप्प बसणं

इकडे पाण्याचा हीटर बहुधा भाड्याचा असतो. तो फुटला की कंपनीचा माणूस येतो आणि नवा लावून जातो. हाच हीटर घरही गरम करतो, हे त्याला कुणी सांगितलं नाही तर तो नुसत्या आंघोळीच्या हिशेबाने हीटर देऊ शकतो. साध्या 40 गॅलनच्या टाकीचा बर्नर 40,000 बीटीयूच्या आसपास असतो, आणि त्यातलाही काही भाग चिमणीतून जातो. वर काढलेलं गणित आठवा: त्यात एकटा एअर हँडलरच तेवढं खाऊन टाकतो, मग आंघोळीला काय उरणार? फोनवरच स्पष्ट सांगा, ‘आमची कॉम्बो सिस्टीम आहे’, आणि जुन्या हीटरवरच्या माहितीच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा.

टँकलेस असेल तर वर्षातून एकदा तो पांढऱ्या व्हिनेगरने आतून धुवून घ्या आणि थंड पाण्याच्या तोंडाशी असलेली छोटी जाळी साफ करा. ग्वेल्फ, किचनर, वॉटर्लूकडे भूगर्भातलं पाणी येतं आणि ते बरंच जड, म्हणजे क्षारयुक्त असतं, तिथे हे चुकवूच नका.

शॉवर गार पडला म्हणून हीटरला शिव्या

ही तक्रार फसवी आहे. हीटर नीट, तापमान नीट, तरी शॉवरला मध्येच कोमट पाणी. किंवा जुलैत एसी चालू असताना जाळीतून गरमट हवा. दोन्हींच्या मुळाशी एअर हँडलरच्या पाइपवरचा चेक व्हॉल्व्ह असू शकतो. पाणी एकाच दिशेने जाऊ द्यायचं, एवढंच त्याचं काम. तो उघडा अडकला की थंड पाणी उलट्या वाटेने कॉइलमधून येऊन गरम पाण्यात मिसळतं, किंवा गरम पाणी पंप बंद असतानाही आपोआप कॉइलकडे सरकत राहतं. तपासायला सोपं आहे. एअर हँडलरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद करा आणि शॉवर घेऊन बघा. पाणी सुधारलं तर चोर सापडला. तपासणी झाली की दोन्ही व्हॉल्व्ह आठवणीने उघडा.

फिल्टर आणि बंद जाळ्या

आपल्याकडे रोज फोडण्या होतात, आणि परतीच्या हवेची जाळी स्वयंपाकघराजवळ असेल तर फिल्टरवर तेलकट थर बसतो. तो झटकून निघत नाही. हिवाळ्यात महिन्याला एकदा बघा, काळा दिसला की बदला, आणि फोडणी करताना शेगडीवरची चिमणी चालू ठेवा. एक इंचाचा, सर्वांत दाट विणीचा फिल्टर घेऊ नका; छोटा पंखा त्यातून पुरेशी हवा ओढू शकत नाही. न वापरलेल्या खोल्यांच्या जाळ्या बंद केल्यानेही हेच होतं.

नवीन बसवताना

घराची उष्णतेची गरज मोजल्याशिवाय पेटी निवडू नका. कॅनडात त्यासाठी सीएसए एफ280 ही पद्धत आहे, अमेरिकेत मॅन्युअल जे. ‘जुनी एवढी होती, म्हणून नवीही एवढीच’ हे मोजमाप नव्हे. पाण्याचा पाइप पाऊण इंचाचा हवा; अर्ध्या इंचाच्या पेक्स या प्लास्टिकच्या पाइपमधून मिनिटाला 4 गॅलन रेटलं तर पाणी फार वेगाने धावतं, आवाज होतो आणि पंपही दमतो. पंप पितळी, कांस्य किंवा स्टेनलेस स्टीलचा, शिसेविरहित हवा, कारण त्यातून पिण्याचं पाणी जातं. लोखंडी पंप स्वस्त मिळतो, पण तो बंद चक्राच्या बॉयलरसाठी असतो.

ग्लायकॉल, म्हणजे पाणी गोठू न देणाऱ्या अँटिफ्रीझबद्दल ठामपणे सांगतो. पोटमाळ्यावर किंवा गॅरेजमध्ये पेटी गोठू नये म्हणून कुणी ‘थोडं अँटिफ्रीझ घालू’ म्हणालं, तर त्याला थांबवा. कॉम्बोमध्ये ते सरळ तुमच्या प्यायच्या पाण्यात जाईल. गोठायची भीती असेल तर पेटी उबदार जागी हलवा, किंवा मध्ये हीट एक्स्चेंजर (पाणी न मिसळता उष्णता पुढे देणारं उपकरण) घालून पाण्याचं चक्र वेगळं करा. आणि गॅसच्या पाइपला कुणाही हौशी माणसाला हात लावू देऊ नका. ऑन्टारियोत ते काम टीएसएसए या तांत्रिक सुरक्षा संस्थेचा परवाना असलेल्या तंत्रज्ञाचंच आहे.

डिसेंबरात भारतात जाताना

मुलांची सुट्टी, पुण्या-मुंबईतली लग्नं, महिनाभर घर बंद. निघताना थर्मोस्टॅट पूर्ण बंद करू नका, 15 अंशांवर ठेवा. फुटलेल्या पाइपांच्या भीतीने घराचं पाणी मेनला बंद करून नळ उघडून सगळं रिकामं करायची इकडे पद्धत आहे. फर्नेसच्या घरात ते चालतं. कॉम्बोच्या घरात मात्र पाणी काढून टाकलं की घर गरम करायलाच काही उरत नाही, आणि पंप कोरडा फिरतो तो वेगळाच. घर रिकामं असताना रोज कुणीतरी येऊन बघावं, अशी अट बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये असते. तुमची पॉलिसी वाचा आणि आपली हीटिंग पाण्यावर चालते हे विमा कंपनीला आधी सांगा. शेजाऱ्याला किल्ली देताना हीटरचा एरर कोड कुठे दिसतो आणि तुमच्या तंत्रज्ञाचा नंबर काय, हे एका कागदावर लिहून पेटीवरच चिकटवा.