कार्बन-पीईईके लॅमिनेट थंड कसे करावे आणि तपासावे कसे

कार्बन तंतू आणि पीईईके (उष्णता सोसणारे, तापवल्यावर वितळणारे प्लास्टिक) यांच्या लॅमिनेटची, म्हणजे थर एकमेकांवर रचून दाबून बनवलेल्या फळीची, सूक्ष्मरचना मुख्यतः ते थंड होताना ठरते. त्यामुळे प्रेसच्या पाटाच्या तापमानावर विसंबून न राहता, नंतर कापून टाकायच्या कडेच्या पट्टीत मधल्या थरांमध्ये एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवावा. जाड लॅमिनेटचा गाभा पृष्ठभागापेक्षा बराच सावकाश थंड होतो.

पीईईके सुमारे 343 अंश सेल्सिअसला वितळते, तरीही ते दाबाखाली 380 ते 400 अंशांपर्यंत तापवून काही मिनिटे तेथे ठेवावे. वितळणबिंदूच्या जेमतेम वर थांबल्यास जुन्या स्फटिकांचे अवशेष उरतात आणि नवे स्फटिक तंतूंच्या पृष्ठभागावरून वाढण्याऐवजी मॅट्रिक्समध्येच (तंतूंभोवतीच्या पीईईकेमध्ये) विखरून उगवतात. मात्र हवेच्या संपर्कात हा मुक्काम लांबवू नये, कारण पीईईकेच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन स्फटिकता (स्फटिकी झालेल्या भागाचे प्रमाण) घटते.

थंड करताना काचसंक्रमण तापमान (ज्याखाली प्लास्टिकचा स्फटिकी नसलेला भाग कडक होतो), म्हणजे सुमारे 143 अंश, ओलांडून खाली येईपर्यंत दाब सोडू नये. मॅट्रिक्स वितळलेले असताना तो सोडल्यास दबलेले तंतू उसळतात आणि पोकळ्या उघडतात. सावकाश थंड केल्यास स्फटिकता वाढते, तंतू व मॅट्रिक्स यांची पकड सुधारते आणि ताठरपणा येतो, पण थरांमध्ये तडा पसरण्यास होणारा विरोध कमी होतो. झपाट्याने थंड केल्यास याच्या उलट घडते. म्हणून भाग धक्के सोसणार आहे की उष्णता व रसायने, हे आधी ठरवूनच वेग निवडणे मला योग्य वाटते.

स्फटिकता डीएससीने (नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो वा सोडतो हे मोजणाऱ्या चाचणीने) मोजावी. तापवताना 170 अंशांच्या आसपास उष्णता बाहेर पडल्याचे शिखर दिसले, तर नमुना पुरेसा स्फटिकी झालेला नव्हता असे समजावे आणि ती उष्णता वितळण्याच्या उष्णतेतून वजा करावी. उरलेल्या आकड्याला 130 ज्यूल प्रति ग्रॅम (पूर्ण स्फटिकी पीईईकेची वितळण्याची उष्णता) आणि मॅट्रिक्सचा वजनी अंश यांच्या गुणाकाराने भागावे. समजा वजाबाकीनंतर 14 ज्यूल प्रति ग्रॅम उरले आणि मॅट्रिक्स 32 टक्के आहे, तर स्फटिकता सुमारे 34 टक्के येते. मॅट्रिक्सचा अंश विसरल्यास तीच 11 टक्के भासते आणि चांगले लॅमिनेट नाहक बाद होते. जाड लॅमिनेटमधून पृष्ठभागाचा आणि गाभ्याचा असे दोन नमुने घ्यावेत.