मलाक्का : शनिवारी जा, रविवारी परत

शनिवारी सकाळी क्वालालंपूरहून मलाक्काची सातची गाडी धरा. नवाची धरलीत तर अर्धं क्वालालंपूर तुमच्याबरोबरच हायवेला लागलेलं असतं आणि दोन-अडीच तासांच्या रस्त्याला साडेतीन तास खर्ची पडतात. मी एकतीस वर्षं एसटीत काढली, आधी कंडक्टर आणि मग सावंतवाडीला वाहतूक नियंत्रक. गाडी कधी सुटली म्हणजे कधी पोचेल हा हिशेब रिटायर झालो तरी डोक्यात चालूच असतो. मुलगा नोकरीसाठी क्वालालंपूरला आहे. त्याच्याकडे महिनाभराला दोनच दिवस कमी एवढा राहिलो आणि तेवढ्यात तीनदा मलाक्काला जाऊन आलो, तिन्ही वेळा एकटाच. पहिली फेरी फुकट गेली, दुसरी बरी झाली, तिसरी जमली. खाली दिलंय ते तिसरीचं वेळापत्रक.

आधी कागदपत्रं. आपल्याला मलेशियात तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही सवलत डिसेंबर २०२६ अखेरपर्यंत जाहीर झालेली आहे. मात्र पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर लगेच बंद करा. तिथले प्लग जाड चौकोनी तीन पिनांचे असतात, तेव्हा अडॅप्टर घरूनच न्या. छत्रीसुद्धा न्या, उन्हालाही आणि दुपारच्या सरीलाही.

गाड्या सुटतात टीबीएसवरून, म्हणजे बंदार तासिक सेलातान रेल्वे स्टेशनला लागून असलेल्या दक्षिणेच्या बस टर्मिनलवरून. तिथे तिकीट काढताना पासपोर्ट दाखवावा लागतो, मग विमानतळासारखा गेट नंबर मिळतो आणि वेळ झाल्याशिवाय फलाटावर उतरूच देत नाहीत. गाडी लागायच्या आधी दाराशी झुंबड नाही, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं नाही. मी अर्धा तास नुसता गाड्यांच्या वेळांचा बोर्ड बघत उभा होतो. मलाक्काचं भाडं १५ रिंगिटच्या आसपास. बोर्डावर नाव ‘मेलाका’ असं असतं, उतरायचं मेलाका सेंत्रालला. गावातल्या बसगाड्या त्याच इमारतीच्या दुसऱ्या बाजूला लागतात. पहिल्या खेपेला मी ‘मला काय विचारायची गरज’ या तोऱ्यात समोरच्या गाडीत चढलो आणि भलत्याच दिशेला चार किलोमीटर जाऊन उतरलो. आयुष्यभर लोकांना ‘पाटी वाचून चढा’ म्हणत आलो तो मी! तेव्हा चढण्याआधी ड्रायव्हरला ‘बांगुनान मेराह?’ एवढं विचारा, म्हणजे लाल इमारत. नाहीतर सरळ ग्रॅब (मोबाइलवरून बोलवायची टॅक्सी) बोलवा, अंतर पाच किलोमीटरच्या आतलं आहे.

खोली जुन्या गावातच घ्या, नदीच्या पलीकडे जोंकर स्ट्रीटच्या बाजूला. इथली जुनी घरं समोरून दोन दारांएवढी अरुंद आणि आत मागपर्यंत लांबच लांब. रस्त्याकडच्या रुंदीवर डच कर लावायचे म्हणून अशी बांधली, असं सांगतात. मध्ये आपल्या वाड्यासारखा उघडा चौक असतो, पण खोल्या पाडताना मधल्या खोल्यांना खिडकीच उरत नाही. बुकिंग करताना खिडकी आहे का हे विचाराच. मी विचारलं नव्हतं. रविवारी सहाला उठून गाव बघायचं ठरवलेलं, आणि काळोखात डोळे उघडले तेव्हा वाटलं रात्रीचे तीन असतील. घड्याळात पावणेदहा! पहिली फेरी फुकट गेली ती अशी.

घड्याळावरून आठवलं, मलेशिया आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, पण तिथे उजाडतंच सातला आणि सूर्य मावळतो सव्वासातच्या सुमारास. म्हणून पाचला उठून काही हाती लागत नाही, आणि सहानंतरची संध्याकाळ चांगली घसघशीत मिळते. मलाक्का लहान आहे, जुना भाग चालत अर्ध्या तासात आडवा पार होतो. तिथे अंतर आडवं येत नाही, ऊन येतं. वेळापत्रक किलोमीटरवर न लावता सावलीवर लावायचं.

शनिवारी दहाला पोचलात की पिशवी खोलीवर टाका आणि लाल चौकात फक्त एक चक्कर मारा. स्टाटहाउस हे डचांच्या गव्हर्नरचं घर, १६५०च्या सुमाराचं. शेजारचं ख्राइस्ट चर्च १७५३ चं. दोन्ही आता गेरूसारखी लाल दिसतात, डचांच्या वेळी ती पांढरी होती. समोर सायकलरिक्षा उभ्या असतात, फुलं, बाहुल्या आणि लाइट लावलेल्या, कर्ण्यावर गाणी. बसायचं असेल तर आधी पैसे ठरवा. मी बसलो नाही. एकट्या म्हाताऱ्याने गुलाबी बाहुल्यांच्या मध्ये बसून गावभर मिरवायचं म्हणजे जरा जास्तच.

अकरा ते चार छपराखाली. संग्रहालयं इथे पैशाला पासरी, सगळी केलीत तर दोन दिवस तिथेच संपतील. एकच करा, बाबा-न्योन्या म्युझियम. पूर्वी आलेल्या चिनी व्यापाऱ्यांचे इथल्याच मातीत रुजलेले वंशज, त्यांतले पुरुष बाबा आणि बायका न्योन्या. अशाच एका श्रीमंत कुटुंबाचं हे राहतं घर. माहिती सांगणाऱ्याबरोबरच फिरा, त्याशिवाय नुसतं फर्निचर दिसतं. वरच्या मजल्यावर लाकडी जमिनीत एक छोटी फळी आहे, ती उचलली की खाली दारात कोण आलंय ते दिसतं. घरातल्या बायकांनी पुढे यायचं नाही, पण आलेला माणूस बघायचा मात्र आधी! आमच्या आजीचं माजघराच्या दारामागून चालायचं तेच हे, फक्त इथे सुताराकडून करून घेतलेलं. या रस्त्यावरच्या समुद्राकडच्या घरांची मागची दारं एकेकाळी थेट पाण्यात उघडायची. आता भर घालून समुद्र पार लांब ढकललाय.

जेवणाचं बघू. एकट्याला इथे अडचण नाही, टेबलावर कोणी ना कोणी शेजारी येऊन बसतंच. चिकन राइस बॉलसाठी लांब रांग लागते. चिकनच्या रश्श्यात शिजवलेल्या भाताचे लाडू असतात, वळल्यामुळे चव काही बदलत नाही, एकदा खा आणि सोडून द्या. मासे खाणाऱ्याने मात्र ‘आसाम पडस’ चुकवू नये. चिंचेचं आंबट-तिखट कालवण, आपल्या तिखल्याचं चुलत भावंडच. ‘इकान कम्बुंग’ म्हणजे बांगडा, ‘तेंगिरी’ म्हणजे सुरमई, ‘पारी’ म्हणजे पाकट. हे तीन शब्द पाठ असले की मालवणी माणूस तिथे उपाशी राहणार नाही. शाकाहाऱ्यांनी सावध राहावं. साध्या पालेभाजीतही बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, घातलेला असतो. ‘ताक माहू बेलाचान’ म्हणा, नको असा अर्थ. किंवा तमिळ खानावळ गाठा.

दुपारी चेंदोल प्या. किसलेला बर्फ, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि वरून ‘गुला मेलाका’. गुला म्हणजे आपला गूळच, संस्कृतातून तिकडे गेलेला शब्द, आणि ही वस्तू म्हणजे माडाचा गूळ. त्याच गुळाचं तिथे दोदोल करतात. होय, दोदोल! नाताळात गोव्याच्या मित्राकडून यायचं तेच. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ तासन् तास घोटून काळंभोर, तेलकट, दाताला चिकटणारं. नावसुद्धा तेच. मी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि दुकानदारणीला सांगायला गेलो की आमच्याकडे पण... पण सांगणार कोणत्या भाषेत? नुसता हसलो, तीही हसली, आणि तिने अजून एक तुकडा दिला.

साडेचारनंतर टेकडी चढा, सेंट पॉल हिल. ज्यासाठी मी मलाक्काला गेलो ते इथे आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

पायथ्याशी एक काळवंडलेली दगडी कमान आहे, पोर्ता द सांतियागो. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, आल्बुकर्कने मलाक्का घेतलं. त्याच्या किल्ल्यापैकी एवढंच दार शिल्लक. कमानीवर नीट बघा, तिथे ‘१६७०’ कोरलेलं आहे. १६४१ मध्ये डचांनी गाव जिंकलं आणि नंतर दार दुरुस्त करून आपलं चिन्ह वर लावलं. पुढे इंग्रजांनी अख्खा किल्ला पाडायला घेतला, १८०७ मध्ये. तेव्हा रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्याने मध्ये पडून हे वाचवलं. एका दाराला तीन मालक.

पायऱ्या फार नाहीत, पण उन्हात दम काढतात. वर चर्चच्या नुसत्या भिंती, छप्पर नाही. भिंतींना टेकवून पुरुषभर उंचीच्या थडग्यांच्या शिळा उभ्या केल्यात, डच आणि पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या. आत पुढच्या बाजूला जमिनीत एक चौकोनी खड्डा आहे, वर जाळी. लोक एक सेकंद वाकून बघतात आणि पुढे जातात. ही सेंट झेवियरची कबर. चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर डिसेंबर १५५२ मध्ये ते वारले, १५५३ च्या मार्चमध्ये देह इथे आणून पुरला, आणि काही महिन्यांनी गलबतावर चढवून गोव्याला पाठवला. १५५४ मध्ये तो गोव्यात पोचला.

मला पणजीची वस्तीची ड्युटी असली की सकाळच्या मोकळ्या वेळात मी जुन्या गोव्याला जाऊन यायचो. तीन डिसेंबरच्या फेस्ताला गर्दी एवढी असायची की आमची गाडी मांडवीच्या पुलापासून रांगेत. माणसं चालत यायची, बायका नवस फेडायच्या, गोंयचो सायब म्हणून हात जोडणाऱ्यांत हिंदूही तेवढेच. ते सगळं ज्याच्यासाठी चालायचं त्याची आधीची जागा म्हणजे हा खड्डा. आत चार नाणी, थोडा पाचोळा. मी तिथे पंधरा-वीस मिनिटं उभा राहिलो. बाहेर त्यांचा पांढरा पुतळा आहे, उजवा हात मनगटापासून गेलेला. १९५२ मध्ये बसवला आणि लगेचच झाड पडून हात तुटला म्हणतात. खऱ्या देहाचाही उजवा हात १६१४ मध्ये काढून रोमला नेलेला. योगायोग म्हणा, पण पुतळ्याला नवा हात बसवायचा कोणाला धीर झालेला दिसत नाही.

सूर्यास्त तिथूनच बघा, मलाक्काची सामुद्रधुनी समोर पडते. अंधार पडला की खाली या. जोंकर स्ट्रीटचा रात्रबाजार शुक्रवार ते रविवार भरतो. गर्दी जत्रेसारखी, पाकीट पुढच्या खिशात ठेवा. तासाभरात कंटाळा येतो, मग नदीकाठ धरा. बोटीची फेरी आहे, पण तेच सगळं काठाने चालत फुकट दिसतं आणि हवं तिथे बसता येतं. पाण्यात काहीतरी सळसळलं तर घाबरू नका, घोरपडी आहेत. चांगल्या हातभर लांब, माणसांना अजिबात न भिणाऱ्या.

रविवारी सात ते दहा ही तीन तासांची चैन आहे, झोपून घालवू नका (मी सांगतोय!). बाजार उठलेला असतो, रस्ते धुतलेले, आणि जालान तुकांग एमास या गल्लीत तुम्ही जवळजवळ एकटे. तुकांग एमास म्हणजे सोनारआळी. तिथे पोय्याथ विनायगरचं देऊळ आहे, १७८१ चं, जागा डचांनी दिलेली. देवळाचे मानकरी चिट्टी लोक, म्हणजे सुलतानाच्या काळात आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज. घरात मलय बोलतात, देव मात्र सोडला नाही. मी चपला काढून आत गेलो, गणपतीपुढे मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हटलं, मध्येच एक ओळ विसरलो, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. घाई नव्हतीच. थोडं पुढे काम्पुंग क्लिंग मशीद, १७४८ ची, घुमट नाही, उतरत्या छपरांचे तीन थर आणि चिनी मनोऱ्यासारखा मिनार. त्याच्या पुढे चेंग हून तेंग हे सतराव्या शतकातलं चिनी देऊळ. छपरावरची चित्रं चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे कापून केलेली आहेत, मान वर करून पाच मिनिटं बघा. तिन्ही मिळून चालणं दहा मिनिटांचंही नाही.

वेळ उरला तर नदीकाठाने काम्पुंग मोर्तनला जा, जुनी लाकडी मलय घरं. मला त्याऐवजी पोर्तुगीज वस्ती आवडली, गावापासून तीनेक किलोमीटर, तिथली म्हातारी माणसं अजून क्रिस्तांग, म्हणजे पोर्तुगीजमधून आलेली बोली, बोलतात. एका घराच्या ओट्यावर आजोबा बसले होते. मी खिडकीकडे बोट दाखवून ‘जनेल’ म्हटलं, आम्ही मालवणीत म्हणतो तसं. ‘जनेला,’ ते म्हणाले, आणि आत हाक मारून बायकोला बोलावलं.

परतीची गाडी दुपारी एकच्या आत धरा. संध्याकाळची धरलीत तर पुन्हा तीच कोंडी. दोदोल घेणार असाल तर साधं घ्या आणि वेष्टन वाचून घ्या, दुरियान या फळाचंही दोदोल मिळतं. मी न बघता घेतलं आणि गाडीत सोडलं. दोन मिनिटांत पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून बघितलं, आणि ड्रायव्हरने आरशातून. तो आरशातला कटाक्ष मी चांगला ओळखतो. मुकाट्याने पिशवी बांधली आणि क्वालालंपूर येईपर्यंत पायाखाली दाबून धरली.