स्कंकचा फवारा आणि कुत्रीची अंघोळ
कॅनडातील सस्कॅचवान प्रांताच्या प्रेअरीत, म्हणजे गवताळ मैदानी प्रदेशात, शरद ऋतूत स्कंक (दुर्गंधीयुक्त द्रवाचा फवारा मारणारे छोटे प्राणी) हिवाळ्यापूर्वी अंगावर चरबी चढवण्यासाठी अळ्या शोधत अंगणे उकरतात, आणि अशाच एकाने आमच्या कुत्रीच्या तोंडावर फवारा मारला. शेजाऱ्यांनी सुचवलेला टोमॅटोचा रस वास फक्त झाकतो. दुर्गंधीचे मूळ असलेल्या थायॉल या गंधकयुक्त संयुगांचे ऑक्सिडीकरणच व्हावे लागते. म्हणून एक लिटर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खाण्याचा सोडा आणि चमचाभर भांड्यांचा द्रवसाबण यांचे फसफसणारे ताजे मिश्रण, डोळे सांभाळून, कोरड्या केसांतच चोळले आणि पाच मिनिटांनी धुतले. कानामागचा पिवळसर, तेलकट डाग दुसऱ्या खेपेलाच गेला. उरलेले मिश्रण ओतून द्यावे, कारण बंद बाटली वायूच्या दाबाने फुटू शकते.