कोकम सरबताच्या बाटलीचे लेबल कसे तयार करावे

कोकणातील घरगुती उद्योजकांच्या आणि बचत गटांच्या दुकानांत कोकम आगळ (मीठ घातलेला रस) आणि कोकम सरबत (पाणी घालून प्यायचे गोड सिरप) यांच्या बाटल्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. दोन्हींतील द्रव गडद लाल असतो, दोन्हींवर रातांब्याचे, म्हणजे कोकमाच्या फळाचे, सारखेच चित्र असते, आणि मुंबई-पुण्याकडचे गिऱ्हाईक सरबत समजून आगळ घरी नेते व मिठाने खारट झालेला पेला ओतून देते. ते गिऱ्हाईक पुन्हा त्या उत्पादकाकडे वळत नाही. म्हणून बाटलीत नेमके काय आहे आणि ते कसे वापरायचे, हे हातभर अंतरावरून कळवणे हे लेबलाचे पहिले काम आहे. सजावटीचा विचार त्यानंतर करावा.

रेखाटन हाती घेण्यापूर्वी बाटली निश्चित करावी. सिरप साधारणतः ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास गरम असतानाच भरत असाल, तर साधी पेट (प्लॅस्टिकची) बाटली त्या उष्णतेने आकसून वेडीवाकडी होते. अशा वेळी काचेची किंवा गरम भरणीसाठी खास बनवलेली पेट बाटलीच घ्यावी लागते. बाटलीचा जो भाग वरपासून खालपर्यंत सरळ आहे, तेवढाच लेबलासाठी मोजावा, कारण निमुळत्या भागावर आयताकृती लेबल चिकटवले की कडांना सुरकुत्या पडतात. ७० मिलिमीटर व्यासाच्या बाटलीचा घेर सुमारे २२० मिलिमीटर भरतो, परंतु समोर उभ्या असलेल्या माणसाला त्यातील जेमतेम तिसरा हिस्सा नीट वाचता येतो. पदार्थाचे नाव, चित्र आणि वापरण्याची रीत या तिसऱ्या हिश्श्यातच बसवावी.

दर्शनी भागावर ‘कोकम सरबत’ किंवा ‘कोकम आगळ’ ही अक्षरे सर्वांत मोठी असावीत, उद्योगाच्या नावापेक्षाही मोठी. नवा उद्योजक स्वतःचे नाव आणि बोधचिन्ह ठळक करू पाहतो, पण अनोळखी नावापेक्षा ओळखीचा पदार्थच गिऱ्हाइकाला थांबवतो. नावाखाली एका ओळीत रीत द्यावी: सरबतावर ‘गोड सिरप, एका भागास चार ते पाच भाग पाणी’, असे आपल्या पाकाच्या घट्टपणानुसार प्रत्यक्ष चाखून ठरवलेले प्रमाण, आणि आगळावर ‘मीठ घातलेला रस, सोलकढी व आमटीसाठी’. दोन्ही पदार्थ बनवत असाल तर त्यांच्या लेबलांचे मूळ रंगही वेगळे ठेवावेत. देवनागरी अक्षरे निवडताना वेलांट्या, रफार आणि उकार यांच्यासाठी ओळींमध्ये पुरेशी जागा सोडावी. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक (फॉन्ट) विनामूल्य उपलब्ध असून व्यावसायिक कामासाठी वापरता येतात. छापखान्याला फाइल देण्यापूर्वी सर्व मजकुराचे बाह्यरेषांत (आउटलाइनमध्ये) रूपांतर करावे, नाहीतर तेथील संगणकावर जोडाक्षरे फुटण्याचा धोका राहतो.

कायद्याने सांगितलेला मजकूर शेवटी उरलेल्या कोपऱ्यात कोंबू नये. त्याची जागा आधी आखून घ्यावी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असणे आवश्यक आहे. मराठी त्याच्या जोडीला देता येते, पण केवळ मराठी पुरत नाही. प्राधिकरणाचे चिन्ह व परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, शाकाहारी असल्याची खूण म्हणून हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ, प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने घटक, १०० मिलिलिटरमागे पोषणमूल्ये, निव्वळ प्रमाण, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाची व वापराच्या अंतिम मुदतीची तारीख, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क, हे सारे त्यात येते. सिरपमध्ये कोकमापेक्षा साखर जास्त असेल तर यादीत साखरच आधी लिहावी लागते, आणि ती तशी प्रामाणिकपणे लिहावी. मिलिलिटरमागची किंमतही द्यावी लागते: ७०० मिलिलिटरची बाटली २१० रुपयांना असेल तर ती ३० पैसे होते. सल्फाइट वर्गातील परिरक्षक (पदार्थ टिकवणारे रसायन) किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा अधिक असेल तर त्याची ॲलर्जीविषयक सूचना द्यावी. ‘पित्त बरे करते’, ‘वजन उतरवते’ अशी वाक्ये मात्र आजीच्या अनुभवातून आली असली तरी लेबलावर नकोत, कारण खाद्यपदार्थ रोग बरा करतो असा दावा कायद्याला मान्य नाही. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, परंतु त्याचे चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाल्यावरच छापावे.

रंगाच्या बाबतीत कोकम अवघड आहे. त्याचा लाल रंग अँथोसायनिन या द्रव्याचा असतो आणि उजेडाने व उष्णतेने तो हळूहळू तपकिरीकडे झुकतो. ताज्या रसाशी तंतोतंत जुळणारा लाल रंग लेबलाला दिला, तर काही महिन्यांनी त्याच्याशेजारी आतला द्रव जुनाट दिसू लागतो. फिकट सायीसारखा किंवा पानाचा हिरवा रंग पार्श्वभूमीला घेणे मला अधिक योग्य वाटते. आणि पारदर्शक काच ठेवायची असेल तर वाहतुकीसाठी व दुकानातील उन्हापासून बचावासाठी पुठ्ठ्याचे खोके द्यावे. बारकोडच्या रेघा लाल कधीही छापू नयेत. दुकानातील यंत्राचा प्रकाश बहुधा लालच असतो, त्यामुळे त्याला लाल रेघ पांढऱ्या कागदापासून वेगळी ओळखता येत नाही. रेघा काळ्या असाव्यात आणि अरुंद बाटलीवर त्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या, एकाखाली एक बसवाव्यात, म्हणजे वळणामुळे वाचन अडत नाही.

साधा कागद फ्रिजमधील दमटपणाने सुटतो आणि तोंडावरून ओघळलेल्या थेंबांनी डागाळतो, म्हणून पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या फिल्मवर छापलेले स्वयंचिकट लेबल थोडे महाग पडले तरी घ्यावे. बाटली पूर्ण थंड व कोरडी झाल्यावरच ते लावावे. कापणीच्या रेषेबाहेर चारही बाजूंना ३ मिलिमीटर रंग वाढवून द्यावा. एकदम हजारो प्रती छापण्याआधी डिजिटल छपाईवर थोड्या प्रती काढून त्या भरलेल्या बाटल्यांवर चिकटवाव्यात. एक रात्रभर फ्रिजमध्ये, एक खिडकीच्या उन्हात ठेवावी, आणि घरातील वयस्कर माणसाकडून चष्म्याशिवाय पदार्थाचे नाव आणि चष्मा लावून घटकांची यादी वाचवून घ्यावी. तारीख व बॅच क्रमांक नंतर शिक्क्याने उमटवणार असाल, तर तेवढ्या चौकटीवर वॉर्निश किंवा लॅमिनेशन करू नये असे छापखान्याला लेखी कळवावे, कारण गुळगुळीत थरावर शिक्क्याची शाई टिकत नाही आणि पुसलेल्या तारखेची बाटली दुकानदार परत पाठवतो.